पासष्ट कॅप्टन आणि हजार तासांचा हिशोब

डिसेंबर २०२५ च्या ३, ४ आणि ५ तारखेला इंडिगोची २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ उशिरा सुटली आणि तीन लाखांवर प्रवासी लटकले. कल्याणशेजारच्या उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५,०६,०९८ भरली होती. म्हणजे पाचातले तीन कॅम्प रिकामे करून सगळ्यांना बॅगांसकट विमानतळावर आणून बसवावं, एवढी माणसं.

आता दुसरा आकडा. रोज दोन हजारांवर उड्डाणं करणाऱ्या या कंपनीला नव्या नियमांप्रमाणे २,४२२ कॅप्टन हवे होते. होते २,३५७. कमी पडले ६५. को-पायलट मात्र २,१५३ लागत होते आणि होते २,१९४, म्हणजे ४१ जास्तच. कल्याण लोकलच्या एका डब्यात हे ६५ जण चढले असते तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं.

सगळा दोष या ६५ चा नव्हता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. कंपनीने वेळापत्रक इतकं ताणून बांधलं होतं की हे बदल पचवायला त्यात जागाच उरली नव्हती. विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए हिने चौकशीनंतर बोट ठेवलं ते याच ताणावर, आणि २२ कोटी २० लाखांचा दंड केला. पण ताण जिथे तुटला ती जागा कॅप्टनच्या खुर्चीची होती. विमान वाहतुकीत एक छोटा आकडा एवढे मोठे आकडे आडवे करू शकतो, हे समजलं की स्वस्त तिकीट, परदेशी कंपन्या आणि वैमानिकांच्या नोकऱ्या हा सगळा गुंता सुटायला लागतो.

मोजायचं माप : एक उल्हासनगर

विमान कंपन्यांचे आकडे कोटींत असतात आणि कोटी म्हणजे किती हे डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून आपण घरचंच माप घेऊ. एक उल्हासनगर म्हणजे पाच लाख माणसं, तीही सुमारे १३ चौरस किलोमीटरांत. चौरस किलोमीटरमागे जवळपास ३९ हजार. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींचं नामकरण होऊन हे शहर झालं, तेव्हा इथे फाळणीतून आलेले लाखभर सिंधी निर्वासित होते.

या मापाने इंडिगो २०२४-२५ मध्ये वर्षाला जवळपास १२ कोटी प्रवासी, म्हणजे २४० उल्हासनगरं वाहून नेत होती. रोजचे सव्वातीन लाख. आज सकाळी सुरुवात केली तर उद्या संध्याकाळपर्यंत कॅम्प एकपासून कॅम्प पाचपर्यंत सगळं शहर हवेत. आयर्लंडची रायनएअर १९८५ मध्ये १५ आसनांच्या एका विमानावर सुरू झाली होती. त्याच २०२४-२५ मध्ये तिने २० कोटी प्रवासी नेले. चारशे उल्हासनगरं.

फार भारावून जायचं कारण नाही. मुंबईची लोकल रोज ७० लाखांहून जास्त लोक नेते. इंडिगोचं अख्खं वर्ष आपली लोकल साधारण सतरा दिवसांत उरकते. फरक एवढाच की लोकलचा एक मोटरमन एका फेरीत हजारो माणसं ओढतो, आणि १८६ आसनांच्या ए-३२० विमानाला दोन वैमानिक लागतात. भरलेल्या विमानातही एका वैमानिकामागे ९३ प्रवासी. हे गणित विमान कंपनीच्या मानगुटीवर कायम बसलेलं असतं.

एका विमानाला वैमानिक किती?

सर्वसामान्य उत्तर : दोन. खरं उत्तर काढायला कागद-पेन्सिल घेऊ.

स्वस्त विमान कंपनीचं विमान दिवसाला १२ तास हवेत असतं असं धरा. वर्षाचे झाले ४,३८० तास. कॉकपिटमध्ये दोघे, म्हणजे ८,७६० वैमानिक-तास. भारतात एका वैमानिकाला वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उडवता येतात. भागाकार केला की येतात नऊ वैमानिक. ही झाली किमान संख्या, जिच्यात कुणी आजारी पडत नाही, कुणाचं लग्न नाही, सिम्युलेटरवरची परीक्षा नाही. प्रत्यक्षात एक वैमानिक वर्षाला सात-आठशे तास उडतो असं धरलं तर आकडा अकरा-बारावर जातो.

जून २०२३ मध्ये इंडिगोने एका सहीत ५०० एअरबस मागवल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानं मागवली होती. फक्त त्या ५०० ला बाराने गुणा : ६,००० वैमानिक. सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत सांगितलं की देशातल्या विमान कंपन्यांकडे जवळपास १४ हजार वैमानिक आहेत. एका ऑर्डरने त्यांच्या चाळीस टक्क्यांहून जास्त नवी मागणी कागदावर उभी केली.

स्वस्ताई येते कुठून

स्वस्त तिकीट ही मेहेरबानी नसते, ती मिनिटांची बचत असते. विमान टर्मिनलला लागलं की पुन्हा सुटेपर्यंतची तीसेक मिनिटं जवळून पाहिली तर ते कळतं. उतरण्याआधीच केबिन क्रू पिशव्या घेऊन कचरा गोळा करत फिरतात, म्हणजे नंतर वेगळी सफाई कमी. जिन्याऐवजी उताराचा रॅम्प, म्हणजे बॅगवाले आजोबा पायरीवर अडत नाहीत. पुढच्या आणि मागच्या दारातून एकदम उतरवणं. पोटात बॅगा चढतायत, पंखात इंधन भरतंय, आणि कॅप्टन पुढच्या उड्डाणाचे कागद तपासतोय.

एका थांब्यावर दहा मिनिटं वाचली आणि दिवसात असे सहा थांबे असले, तर एका विमानाचा एक तास वाचला. ४०० विमानांचे ४०० तास. मुंबई-दिल्लीला दोन तास धरले तर रोजची २०० जादा उड्डाणं. तीही एकही विमान विकत न घेता.

पण हे जादा तास उडवायला माणूस लागतो. विमानाचे तास ताणता येतात, वैमानिकाचे हजाराच्या पुढे ताणता येत नाहीत. कायदाच तसा आहे, आणि तो तसाच असावा. थकलेला माणूस दीडशे लोकांना घेऊन पहाटे चार वाजता धावपट्टी शोधतोय, हे कुणालाच नको असतं. म्हणून स्वस्ताईची शर्यत शेवटी वैमानिकापाशी येऊन थांबते : तो कुठला, कुणाच्या पगारावर, कुठल्या देशाच्या परवान्यावर.

परदेशी स्वस्त कंपन्या : पन्नास वर्षांची कुरबुर

२६ सप्टेंबर १९७७ ला इंग्लंडच्या फ्रेडी लेकरने लंडन-न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ सुरू केली. तिकीट ५९ पौंड. प्रस्थापित कंपन्यांनीही दर पाडले. ५ फेब्रुवारी १९८२ ला लेकरची कंपनी बुडाली.

२०१३ मध्ये नॉर्वेजियन या कंपनीने अमेरिकेकडे परवानगी मागितली, तेव्हा भांडण नुसत्या दरांचं राहिलं नाही. कंपनी नॉर्वेची, उपकंपनी आयर्लंडमध्ये नोंदवलेली, काही वैमानिकांचा तळ बँकॉकमध्ये आणि करार सिंगापूरच्या संस्थेशी. अमेरिकी वैमानिक संघटना म्हणाल्या, ही तिकिटांची स्पर्धा नाही, ही कामगार कायद्यातून पळवाट आहे. अमेरिकी सरकारने तीन वर्षं लावली आणि डिसेंबर २०१६ मध्ये परवानगी दिली. जानेवारी २०२१ मध्ये कोविडच्या तडाख्यात नॉर्वेजियनने लांब पल्ल्याची सेवाच बंद केली. तिच्या जुन्या ड्रीमलायनर विमानांवर नॉर्स अटलांटिक नावाची नवी कंपनी उभी राहिली. हे नाव लक्षात ठेवा, ते मुंबईत येणार आहे.

कॅम्प पाचच्या काउंटरवर

पाच नंबरला जीन्स मार्केटच्या आसपास एखाद्या ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात अर्धा तास बसा. गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला : ‘भाई, दुबईला सीधी महाग असेल तर शारजावाली बघ ना.’ शारजावाली म्हणजे एअर अरेबिया, २००३ मध्ये सुरू झालेली, आखातातली पहिली स्वस्त विमान कंपनी. मग एअर इंडियानेही २९ एप्रिल २००५ ला एअर इंडिया एक्सप्रेस काढली, सुरुवात केरळातून. उल्हासनगरच्या सिंधी घरांत दुबईला कुणी ना कुणी नातलग असतोच, त्यामुळे इथल्या एजंटच्या तोंडी दर असतात तसे सामानाचे किलोही असतात. स्वस्त तिकिटात किती किलो बसतात आणि जादा किलोला किती पडतात, यावर सौदा ठरतो.

त्या काउंटरवर न दिसणारा आकडा दिल्ली आणि दुबईच्या सरकारांमध्ये ठरतो. कोणत्या देशाच्या कंपन्यांनी आठवड्याला किती आसनं उडवायची, याचे करार असतात. भारत-दुबई मार्गावर दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनं आहेत. दुबईने २०२२ मध्ये आणखी ५० हजार मागितली. अबू धाबीच्या बाबतीत २०१३ मध्ये भारताने हा आकडा १३,३३० वरून टप्प्याटप्प्याने ५०,००० वर न्यायला मान्यता दिली होती. त्याच वर्षी अबू धाबीच्या एतिहादने मुंबईच्या जेट एअरवेजचा २४ टक्के हिस्सा २,०५८ कोटींना घेतला.

आसनांचं नोकऱ्यांत रूपांतर करता येतं. ५० हजार आसनं १८६ आसनांच्या विमानाने न्यायची तर आठवड्याला सुमारे २६९ फेऱ्या. मुंबई-दुबई जाऊन येऊन साडेसहा तास धरा. वर्षाचे झाले सुमारे ९१ हजार तास. कॉकपिटमध्ये दोघे, म्हणजे १ लाख ८२ हजार वैमानिक-तास. हजाराने भागले तर १८२ वैमानिक, प्रत्यक्षातल्या ७५० तासांनी भागले तर अडीचशेला थोडे कमी. एका वाक्यातल्या ‘५० हजार आसनं’ या शब्दांत दोनेकशे वैमानिकांच्या नोकऱ्या दडलेल्या असतात. भारतीय कंपन्या उगाच कांगावा करत नाहीत, आणि दुबईही उगाच मागत नाही : मुंबईचा प्रवासी दुबईला उतरून तिथूनच लंडनला, न्यूयॉर्कला जातो, आणि ते पुढचं तिकीटही तिच्याच खिशात पडतं.

तरी एक गोम आहे. दुबईची एमिरेट्स मुंबईला पाचशेच्या आसपास आसनांचं ए-३८० आणते. तेही दोनच वैमानिक उडवतात. प्रवासी तेवढेच, वैमानिक जवळपास तिसऱ्या हिश्शाने. मोठ्या विमानाची परदेशी कंपनी लहान विमानाच्या देशी कंपनीपुढे इथेच बाजी मारते.

उलटं लेबल

उल्हासनगरची जीन्स म्हटलं की ‘मेड इन यूएसए’चा विनोद निघतोच : यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आतली शिलाई कॅम्प पाचमधल्या कारागिराची, बाहेरचं लेबल परदेशी. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर याच्या नेमकं उलट घडलं. लेबल देशी, शिलाई परदेशी.

इंडिगोने नॉर्स अटलांटिककडून बोइंग ७८७-९ विमानं भाड्याने घेतली. पहिलं १ मार्च २०२५ ला दिल्ली-बँकॉकवर गेलं. जुलैमध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची उड्डाणं सुरू झाली. तिकीट इंडिगोचं, केबिनमध्ये इंडिगोची मुलंमुली, पण कॉकपिटमध्ये नॉर्सचे वैमानिक. नॉर्सच्या या विमानात ३३८ आसनं, ५६ प्रीमियम आणि २८२ इकॉनॉमी. व्हिस्ताराकडून एअर इंडियाकडे आलेल्या त्याच जातीच्या विमानात २९९. धड तेच, ३९ माणसं जास्त. स्वस्त लांब पल्ला तो हाच.

करार सहा विमानांचे झाले. लांबच्या उड्डाणाला दोघांवर भागत नाही, तिसरा तरी लागतोच. दिवसाला १४ तास आणि तीन वैमानिक धरले तर एका विमानाला किमान १५, सहांना ९० च्या वर. भारतातल्या वैमानिक संघटनांनी अशा भाडेकरारांना हरकत घेतली ती या नव्वदांसाठी. कंपनीचं म्हणणं सरळ : स्वतःची मोठी विमानं यायला वेळ आहे, तोवर मार्ग तरी हातात ठेवू.

१९७७ ला परदेशी स्वस्त कंपनी बाहेरून येऊन दारावर धडकत होती. आता ती देशी कंपनीच्या पाठीवर बसून आत आली आहे.

तीस हजारांचा मोह

आता घराघरात फिरणारा आकडा. येत्या पंधरा-वीस वर्षांत भारताला ३०,००० वैमानिक लागतील, असं केंद्र सरकार सांगतं. उल्हासनगरच्या मापाने, शहरातल्या दर सतरा माणसांमागे एक पायलट. बारावी सायन्सच्या मुलाच्या आईवडिलांना क्लासवाला हाच आकडा दाखवतो.

पण याला वर्षांनी भागा. वीस वर्षं धरली तर वर्षाला १,५००, पंधरा धरली तर २,०००. आणि डीजीसीएने २०२३ या एका वर्षात व्यावसायिक वैमानिकाचे १,६२२ परवाने दिले. म्हणजे परवानेधारक नवशिके आणि मागणी यांत फार मोठी दरी नाही. दरी आहे ती कॅप्टनच्या खुर्चीपाशी. परवाना २०० तासांवर मिळतो. कॅप्टन व्हायला लागणारा वरचा परवाना किमान १,५०० तासांवर, आणि त्यानंतर कंपनीचा भरवसा बसायला आणखी वर्षं. इंडिगोकडे को-पायलट जादा आणि कॅप्टन कमी का, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून परदेशी कंपन्यांची नजरही कॅप्टनवरच असते. २०१७ मध्ये डीजीसीएने कॅप्टनचा नोटीस काळ एक वर्ष आणि को-पायलटचा सहा महिने ठरवला, तो वैमानिकांनी अचानक सोडून जाणं थांबवण्यासाठी. २०२३ मध्ये नव्या अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न भरता निघून गेले, तेव्हा कंपनीला कोर्टाचं दार ठोठावावं लागलं. परदेशी कंपन्या तयार माणसं पळवतात, अशी तक्रार भारताने २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेपुढे मांडली.

आणि नवशिक्यांचं काय? शिक्षणाला ५० लाख ते १ कोटी लागतात. ६० लाख धरले आणि २०० तासांनी भागले तर उड्डाणाच्या एका तासाला ३० हजार, एका मिनिटाला ५०० रुपये. हे पैसे बहुतेक घरं कर्जाने उभे करतात. मग कंपन्या बंद पडतात. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला सुटलं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दर वेळी अनुभवी कॅप्टन दुसरीकडे लागले, कुणी आखातात, कुणी इंडिगोत. नव्या मुलांच्या रांगेत मात्र हजारो तासांचा अनुभव असलेली माणसं त्यांच्या पुढे येऊन उभी राहिली, आणि कर्जाचा हप्ता सुरूच.

शेजारची धावपट्टी

कॅम्प पाचहून रिक्षाने जाता येईल अशा नेवाळीला एक विमानतळ होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, ब्रिटिशांनी इथली दीड हजार एकरांहून जास्त जमीन धावपट्टीसाठी घेतली. पुढे ती नौदलाकडे गेली. जमीन परत द्या म्हणून शेतकऱ्यांचं आंदोलन २२ जून २०१७ ला पेटलं आणि हिंसक झालं. नवी मुंबईला पर्याय म्हणूनही या जागेचं नाव अधूनमधून निघत राहिलं. शेवटी विमानतळ झाला तो नवी मुंबईलाच : उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५, प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबरपासून. सुरुवातीची क्षमता वर्षाला २ कोटी, म्हणजे ४० उल्हासनगरं. पूर्ण झाल्यावर ९ कोटी, म्हणजे १८० च्या घरात.

शिकायची सोयही राज्यातच आहे. गोंदिया, बारामती, धुळे इथे उड्डाण शिकवणाऱ्या संस्था आहेत. अमरावतीला एअर इंडियाने ३४ प्रशिक्षण विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक असा बेत आखला आहे. कॅम्प पाचच्या मुलामुलींना विमान दिसायला आता आकाशाकडेच बघायला नको.

म्हणूनच घरातल्यांनी तीस हजारांच्या आकड्यावर भुलू नये. क्लासच्या ऑफिसात चार साधे आकडे मागावेत. तुमच्या मागच्या बॅचमधल्या किती जणांना पहिली नोकरी लागली? परवाना हातात आल्यापासून किती महिन्यांनी? विशिष्ट विमान उडवायचं प्रशिक्षण कुणाच्या खर्चाने? आणि कंपनीने बाँड घेतला तर किती वर्षांचा, किती लाखांचा? विमान कंपनी एकेक मिनिट मोजून धंदा करते. तिच्याकडे नोकरी मागणाऱ्यानेही तेवढंच मोजून घ्यावं, आणि चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळालं नाही तर बँकेच्या कागदांवर सही करू नये.